ब्रेक्झिटला टाळ्या वाजवणारे आम्ही



आमच्या विहारात दर रविवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग भरतो. मागच्या वर्गात बाबासाहेबांचे 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' वाचायला घेतले होते. विनिमय दर, सुवर्ण परिमाण वगैरे ऐकून निम्मी पोरे जांभया देत होती. तेवढ्यात एका तरुण कार्यकर्त्याने मुद्दा काढला. "इंग्लंड युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं. मग आपण जागतिक व्यापार संघटनेतून का बाहेर पडत नाही? १९९१ नंतर खासगीकरणाने आपल्या आरक्षणाच्या जागा खाल्ल्या, हे तुम्हीच शिकवता ना?"

प्रश्न रोखठोक होता. आम्ही उत्तर जुळवत होतो, तोच आमचे एक ज्येष्ठ सहकारी हसत म्हणाले, "यांनाच विचार. २०१६ साली हे पेढे वाटायच्या बेतात होते."

खोटे नाही. २३ जून २०१६ च्या सार्वमताचा निकाल लागला त्या दिवशी आम्ही खरेच टाळ्या वाजवल्या होत्या. ५१.९ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने, ४८.१ टक्के राहण्याच्या बाजूने. लंडनचे बँकवाले, मोठी वर्तमानपत्रे, पंतप्रधान, विद्यापीठांचे कुलगुरू, सगळे एका बाजूला आणि बंद पडलेल्या खाणींच्या, गिरण्यांच्या गावातला कामगार दुसऱ्या बाजूला, असे चित्र आमच्या डोळ्यांसमोर होते. कामगार जिंकला, एवढाच अर्थ आम्ही काढला आणि चार ठिकाणी बोलूनही दाखवला.

त्यामागे एक कारण होते आणि ते आजही आम्हाला चुकीचे वाटत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, ५ जुलै २०१५ ला, ग्रीसच्या जनतेने सार्वमतात कर्जदारांच्या अटी ६१ टक्के मतांनी धुडकावल्या होत्या. पुढच्या काही दिवसांत त्याच देशाच्या सरकारला तशाच जाचक अटींवर सही करावी लागली. पेन्शन कापा, सरकारी मालमत्ता विका. लोकांनी मत दिले काय आणि न दिले काय! अशा संघातून कोणी उठून बाहेर जात असेल तर शोषितांच्या बाजूच्या माणसाला बरे वाटणारच. ब्रिटनमध्येही ही भूमिका नवी नव्हती. १९७५ च्या पहिल्या सार्वमतात टोनी बेन यांच्यासारखे मजूर पक्षातले डावे नेते बाहेर पडा असेच सांगत होते. तेव्हा ६७ टक्के लोकांनी राहण्याचा कौल दिला होता.

आमची चूक वेगळीच होती. बाहेर पडण्याची मागणी कोण करतो आहे, कोणाला दोषी ठरवून करतो आहे आणि बाहेर पडल्यावर कारभार कोणाच्या हातात जाणार आहे, हे आम्ही पाहिलेच नाही.

हे आमच्या लक्षात आले ते लंडनच्या बातम्या वाचून नव्हे, आपल्याच मातीत. आठवा, त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून महाराष्ट्रात लाखोंचे मूक मोर्चे निघू लागले. पहिला मोर्चा ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादेत निघाला. कोपर्डीची घटना भयंकर होती आणि त्या मुलीला न्याय मिळालाच पाहिजे, हे आपणही म्हणत होतो. शेतीचे अरिष्टही खरे होते. विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या होत होत्या, शेतमालाला भाव नव्हता, पोरांना नोकऱ्या नव्हत्या. पण मागण्यांच्या यादीत काय आले? ॲट्रॉसिटी कायदा बदला. कापसाचे भाव ॲट्रॉसिटी कायद्याने पाडले होते काय? दु:ख खरे, पण बोट भलतीकडे. त्या दिवसांत गावोगाव फिरताना आमच्या कार्यकर्त्यांना जे ऐकावे लागले ते आम्ही विसरलेलो नाही.

मग आम्ही ब्रिटनकडे पुन्हा पाहिले. तिथे २०१० पासून सरकारने काटकसरीच्या नावाखाली वाचनालये बंद केली, पालिकांचे अनुदान कापले, अपंगांचे भत्ते तपासणीच्या चरकातून काढले. हे निर्णय लंडनमध्ये झाले. राग मात्र ब्रुसेल्सवर आणि त्याहून जास्त शेजारच्या घरात राहणाऱ्या पोलिश सुताराकडे वळवला गेला. मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जूनला, जो कॉक्स या खासदार बाईंचा भररस्त्यात खून झाला. खुनी गोऱ्या वर्चस्ववादाने पछाडलेला होता. निकालानंतरच्या जुलैमध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये वंश-धर्मावरून झालेल्या द्वेषगुन्ह्यांची नोंद आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त होती. ज्यांना आयुष्यात कधी पोलंड नकाशावर दाखवता आला नसता, त्यांनी पोलंडच्या माणसाला 'चालता हो' म्हटले. ज्यांचे आजोबा जालंधरहून आले आणि जे स्वतः तिथेच जन्मले, त्यांनाही तेच ऐकावे लागले.

वूल्व्हरहॅम्प्टन हे नाव आपल्या चळवळीत अनोळखी नाही. पंजाबातून गेलेल्या आंबेडकरवादी बौद्धांनी तिथे विहार उभारला आहे, बाबासाहेबांची जयंती होते. त्याच शहराचा खासदार इनॉक पॉवेल होता, ज्याने १९६८ साली स्थलांतरितांविरुद्धचे ते कुप्रसिद्ध 'रक्ताच्या नद्या' भाषण केले. त्या शहराने २०१६ मध्ये ६२ टक्क्यांहून जास्त मते बाहेर पडण्याच्या बाजूने दिली. त्यात आपल्यातले कोणीच नसतील असे समजण्याचा भाबडेपणा आम्ही आता करत नाही. मतदानानंतरच्या एका मोठ्या पाहणीत आशियाई मतदारांपैकी साधारण एक तृतीयांश लोक 'लीव्ह'च्या बाजूचे निघाले. करी हॉटेलांच्या मालकांना सांगितले गेले होते की युरोपातल्यांची वाट बंद झाली की तुमच्या स्वयंपाक्यांना व्हिसा मिळेल. एका वंचिताला दुसऱ्या वंचिताच्या जागेचे आमिष! ही युक्ती आपल्याला नवी आहे का?

आता पैशाचे. यासाठीच रविवारी आम्ही त्या जांभया देणाऱ्या पोरांना परत पुस्तकाकडे वळवले.

बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये लिहिला. १९२३ मध्ये त्याचे पुस्तक झाले. पुढे हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्षही दिली. तेव्हा वाद असा होता की रुपयाचा दर खाली ठेवला तर निर्यात वाढेल, देशाचे भले होईल. गिरणीमालक आणि व्यापारी हेच सांगत होते. बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता. हे 'देशाचे भले' म्हणजे कोणाचे? चलन घसरले की किमती वाढतात, मजुरी त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे निर्यातदाराला जो जादा नफा दिसतो तो परदेशातून येत नाही, देशातल्याच मजुराच्या ताटातून निघतो. आमच्या शब्दांत सांगतो आहोत, पण मुद्दा त्यांचा आहे.

हे सूत्र २०१६ च्या ब्रिटनला लावून पाहा. मतमोजणीच्या रात्री १.५० डॉलरच्या आसपास असलेला पौंड काही तासांत १.३५ च्याही खाली गेला. १९८५ नंतरचा तो नीचांक होता. पुढच्या महिन्यांत लंडनच्या शेअर बाजाराचा मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक वर चढला, कारण त्या कंपन्यांची कमाई डॉलरमध्ये होती. आणि कामगाराचे काय? जून २०१६ ला ०.५ टक्का असलेली महागाई नोव्हेंबर २०१७ पर्यंत ३.१ टक्क्यांवर गेली. पगार मागे पडले. ब्रिटन खाण्याच्या वस्तू मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो, म्हणून मार बसला तो पाव, चीज, टोमॅटो विकत घेणाऱ्याला. २०२१ पासून सीमेवरचे कागद, तपासण्या, प्रमाणपत्रे सुरू झाली. जकात शून्य ठेवूनही खर्च वाढला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्याच अभ्यासकांनी हिशेब मांडला तो असा, की या अडथळ्यांमुळे दोन वर्षांत खाद्यपदार्थ सुमारे ६ टक्क्यांनी महागले. ज्याच्या पगाराचा मोठा भाग अन्नावरच जातो, त्याला हे ६ टक्के किती लागतात ते आपल्या वस्तीत कोणालाही विचारा.

तिथल्या सरकारच्याच अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचा अंदाज आहे की संघात राहिल्याच्या तुलनेत दीर्घकाळात देशाची उत्पादकता ४ टक्क्यांनी आणि आयात-निर्यात १५ टक्क्यांनी कमी राहील.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही पुन्हा टाळ्याच वाजवू, फक्त उलट्या दिशेने. सार्वमताआधी ब्रिटनच्या अर्थखात्याने भीती घातली होती की बाहेर पडण्याचा कौल लागताच मंदी येईल, पाच लाख नोकऱ्या जातील. तसे झाले नाही. बेकारी उलट कमी होत गेली. आकाश कोसळले नाही. हळूहळू झिजणारी वस्तू एका दिवसात मोडत नाही, एवढेच. 'राहा' म्हणणाऱ्यांनीही गरिबाला भीतीच दाखवली. संघात राहून त्याला काय मिळाले हे त्याच्या दारात जाऊन कोणी सांगितले नाही.

आणि मिळाले होते. वेल्समधल्या एब्बू व्हेलची गोष्ट आम्ही वर्गात नेहमी सांगतो. हा अन्युरिन बेव्हन यांचा मतदारसंघ. खाणकामगाराचा मुलगा, ज्याने मंत्री म्हणून १९४८ मध्ये ब्रिटनची मोफत राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी केली. तिथला पोलाद कारखाना २००२ मध्ये बंद झाला. नंतर त्या भागात युरोपियन युनियनचा विकासनिधी भरपूर आला. त्या भागाने ६२ टक्के मते बाहेर पडण्याला दिली. प्रचाराच्या लाल बसवर लिहिले होते की युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, ते आपल्या आरोग्य सेवेला देऊ. ब्रिटनला मिळणारी सूट आणि परत येणारा निधी त्या आकड्यातून वजाच केलेला नव्हता. बेव्हनच्या गावाला बेव्हनच्याच दवाखान्याचे आमिष दाखवून फसवले. पण नुसते फसवले म्हणून भागणार नाही. ज्या गावाला वीस वर्षे कोणी विचारले नाही, त्या गावाला इमारत बांधून दिल्याने सन्मान मिळत नाही, हेही खरे. आपल्या वस्तीत समाजमंदिर बांधून मते मागणाऱ्यांना आपण काय म्हणतो?

कामाच्या तासांचा मुद्दा आमच्यासाठी याहून जवळचा. युरोपने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली तेव्हा ब्रिटनचे हुजूर पक्षाचे सरकार त्याविरुद्ध युरोपीय न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये हरले. म्हणजे ब्रिटिश कामगाराला त्याच्याच सरकारच्या विरोधात हा हक्क ब्रुसेल्सकडून मिळाला. आपल्याकडे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना कारखान्यांतला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणण्यासाठी बाबासाहेब झटले. सार्वभौमत्व, सार्वभौमत्व म्हणून जो ओरडतो त्याला विचारायचे, ते कोणाच्या हातात येणार आहे? मालकाच्या की मजुराच्या? १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी हाच प्रश्न धरला आहे. राज्याने हात काढून घेतला की जे स्वातंत्र्य उरते ते जमीनदाराचे आणि मालकाचे.

आता जातीकडे येऊ. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात वंश या व्याख्येत जात घालण्याचा अधिकार मंत्र्याला दिला होता. २०१३ मध्ये संसदेने त्या 'घालू शकतो'चे 'घातलीच पाहिजे' केले. तिथल्या दलित संघटनांच्या लढ्याचे हे यश होते. मग काय झाले? वेळकाढूपणा. २०१७ मध्ये जनसुनावणी काढली, १६ हजारांहून जास्त उत्तरे आली आणि २३ जुलै २०१८ ला सरकारने जाहीर केले की कायदा करणार नाही, न्यायालयाच्या निकालांवर सोडतो. हिंदू संघटनांच्या दबावगटाने त्यासाठी किती जोर लावला होता हे तिथल्या आपल्या लोकांना विचारा. २०१४ च्या एका निकालात, एका भारतीय घरकामगार बाईच्या खटल्यात, अपील न्यायाधिकरणाने म्हटले होते की जात ही काही प्रसंगी वांशिक मूळ या शब्दात बसू शकते. आज तिथल्या दलिताच्या हातात आहे ते एवढेच 'बसू शकते'.

ब्रेक्झिटमुळे हा कायदा अडला असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय बोलायचे नाही. पण त्याच २०१८ मध्ये संघातून बाहेर पडण्याचा जो कायदा झाला, त्याने युरोपची मूलभूत हक्कांची सनद ब्रिटिश कायद्यातून वगळली. दुसरीकडे युरोपियन संसदेने २००७ मध्ये दलितांच्या स्थितीवर आणि २०१३ मध्ये जातीय भेदभावावर ठराव केलेले आहेत. ठरावाने पोट भरत नाही, मान्य. तरी दार ठोठवायला एक जागा होती, ती ब्रिटनमधल्या आपल्या माणसापुरती कमी झाली. आणि एकटा पडलेला देश व्यापार करारासाठी मोठ्या बाजारपेठांच्या मागे लागतो तेव्हा समोरच्याला खुपणारे विषय टेबलावर आणत नाही. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या. व्हिस्कीवरची १५० टक्के जकात आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार, हे सगळ्या वाहिन्यांनी सांगितले. जातीचे नाव आम्ही तरी कुठे ऐकले नाही.

सार्वमताबद्दलही एक गोष्ट नोंदवून ठेवतो. स्कॉटलंडने ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडने जवळपास ५६ टक्के मतांनी राहायचे म्हटले होते. इंग्लंडच्या संख्येपुढे ते वाहून गेले. तिथे राहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मत होते, पण दहा वर्षे कर भरणाऱ्या पोलिश कामगाराला नव्हते. ज्याचे भवितव्य ठरायचे होते तोच मतदार यादीबाहेर! नुसते बहुमत म्हणजे लोकशाही नव्हे, हे आपल्याला कोणी ब्रिटनहून शिकवायला नको. ब्रिटनला मात्र ते न्यायालयाकडून दोनदा ऐकावे लागले. २०१७ मध्ये संसदेला विचारल्याशिवाय बाहेर पडण्याची नोटीस देता येणार नाही म्हणून आणि सप्टेंबर २०१९ मध्ये संसद तहकूब करणेच बेकायदा म्हणून, तेही ११ न्यायाधीशांच्या एकमताने.

मग त्या तरुणाला उत्तर काय दिले? आम्ही त्याला विचारले, आपल्या वस्तीतल्या सफाई कामगारांची भरती ठेकेदाराकडे गेली, तो ठराव जिनिव्हात झाला की आपल्या पालिकेत? २०२३ मध्ये नऊ कंपन्यांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा शासन निर्णय निघाला तो मुंबईत. आपली पोरे रस्त्यावर आली, राजकीय पक्ष जागे झाले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला तोही मुंबईतच. आरक्षणाच्या जागा खाणारा हात इथलाच आहे. उद्या व्यापार संघटनेतून बाहेर पडलो तरी तो हात तसाच राहील.

त्याने सोडले नाही. म्हणाला, "मग २०१९ मध्ये आरसेपमध्ये न जाण्याचा निर्णय चूक होता का?" चांगला प्रश्न. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने त्या करारातून अंग काढले. न्यूझीलंडच्या दूध भुकटीने एक-दोन म्हशींवर जगणारी घरे बुडाली असती, म्हणून आम्हाला तो निर्णय योग्य वाटतो. आमच्यातल्याच एका सहकाऱ्याला वाटत नाही. तो म्हणतो, भूमिहीनाला दूध विकत घ्यावे लागते, स्वस्त झाले तर बिघडले कुठे? यावर आमचे एकमत झालेले नाही. पुढच्या वर्गात दोघांनी आकडे घेऊन यायचे ठरले आहे.

वर्ग संपत आला तेव्हा एका मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती आमच्याच वस्तीतली, नर्सिंग झालेली. आपली काही मुले राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला जातात, पण ती वर्षाला ७५ जणांचीच वाट. ही गेली दुसऱ्या वाटेने. युरोपातले कामगार यायचे थांबले, वृद्धांच्या सेवेला माणसे मिळेनात, तेव्हा ब्रिटनने २०२२ च्या फेब्रुवारीत बाहेरच्या देशांतल्या सेवकांना व्हिसा खुला केला. वडिलांच्या निवृत्तीचे पैसे एजंटाच्या घशात घालून ती तिथे पोचली. वर्षभरात तिला नेमणाऱ्याचा परवाना रद्द झाला आणि ६० दिवसांत दुसरा मालक शोध, नाहीतर परत जा, असे पत्र आले. शोधला तिने. पगार कमी, गाव दूर. आता, २०२५ च्या जुलैपासून, परदेशातून नव्या सेवकांची ती भरतीच बंद झाली आहे.

तिकडे दुपार होती. ती एका म्हातारीच्या घरून बोलत होती. ब्रेक्झिटवर चर्चा चालली आहे म्हटल्यावर ती हसली. म्हणाली, "माझ्या आजीबाईंनी बाहेर पडायलाच मत दिलं होतं. रोज सांगतात मला. तू चांगली आहेस, पण बाकीच्यांना पाठवून द्यायला हवं." मग आवाज हळू करून म्हणाली, "काल मात्र विचारत होत्या, तुझा व्हिसा कधीपर्यंत आहे गं. मी महिना सांगितला तर कॅलेंडरवर खूण करून ठेवली."

आतून कोणीतरी तिला हाक मारली. तिने घाईने जय भीम घातला आणि फोन ठेवला.